उपचार घेणारा डॉक्टर आणि कायदा

डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, प्रशिक्षणार्थी असे आरोग्यसेवेतले लोक मानसिक त्रासासाठी उपचार घ्यायला कचरतात, ते आजाराच्या अज्ञानामुळे नव्हे. नैराश्याची लक्षणे त्यांना पाठ असतात, औषधांची नावे आणि मात्रा ठाऊक असतात, उपचारांनी माणूस बरा होतो हे त्यांनी रोज पाहिलेले असते. त्यांना भीती असते ती नोंदीची. केसपेपरवर नाव चढले की ते विभागप्रमुखांच्या कानावर जाईल, पदव्युत्तर परीक्षेच्या वेळी आडवे येईल, वैद्यक परिषदेची नोंदणी धोक्यात येईल, लग्न ठरताना कोणीतरी ते उकरून काढील, बढतीच्या बैठकीत कोणी हळूच आठवण करून देईल. यातल्या काही भीतींना भारतीय कायद्यात स्पष्ट उत्तर आहे, काहींना अर्धेमुर्धे आहे आणि काहींना अजून नाही. यांतली कोणती भीती कोणत्या गटातली, हे नीट वेगळे करून पाहिले तरच या विषयाची ओळख होते.

प्रश्न किती मोठा आहे याचा एक अंदाज राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नेमलेल्या कृती दलाच्या २०२४ च्या अहवालातून येतो. त्यासाठी झालेल्या ऑनलाइन सर्वेक्षणात पंचवीस हजारांहून अधिक पदवीपूर्व आणि पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के आणि पदव्युत्तरांपैकी १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाले असल्याचे सांगितले. आत्महत्येचे विचार मनात आल्याचे पदवीपूर्व गटात १६.२ टक्क्यांनी, तर पदव्युत्तर गटात ३१ टक्क्यांनी नोंदवले. ही उत्तरे स्वेच्छेने दिलेली आहेत, म्हणून ती सर्व विद्यार्थ्यांना जशीच्या तशी लागू करता येणार नाहीत. तरीही या दोन जोड्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते: पदव्युत्तर गटात निदान झालेले कमी आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार दुपटीच्या जवळ. म्हणजे याच वयात, याच कामाच्या रेट्यात माणूस उपचारांपासून लांब राहत असावा, अशी दाट शंका येते.

लांब राहणे म्हणजे काहीच न करणे नव्हे. पुष्कळदा सहकारी मित्राला फोन करून औषध विचारले जाते, स्वतःच चिठ्ठी लिहिली जाते, ओळखीच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या जातात. कागद कुठेच राहत नाही, म्हणून ही वाट सुरक्षित वाटते. कायद्याच्या दृष्टीने ती सर्वांत असुरक्षित आहे. गोपनीयतेचे कर्तव्य उपचार करणाऱ्यावर येते. उपचारच नीट सुरू नसतील तर ते कोणावर लादायचे? रजा, विम्याचा दावा, कामातली सवलत, शिस्तभंगाच्या कारवाईत बचाव या सगळ्यांचा आधार उपचारांचा कागद असतो. ज्या नोंदीला माणूस भितो तिच्यापासूनच कायद्याचे बहुतेक संरक्षण सुरू होते, आणि हे आरोग्यसेवेतल्या लोकांना कोणी सांगितलेले नसते.

भारतातला मूळ कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला आणि त्याने १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा रद्द केला. तो डॉक्टरांसाठी वेगळा केलेला नाही. प्रत्येक व्यक्तीला जे मिळते तेच डॉक्टरला मिळते. पण त्यातली काही कलमे जणू डॉक्टरची भीती समोर ठेवून लिहिली असावीत इतकी नेमकी आहेत. कलम ३ सांगते की पूर्वी मानसिक आजारासाठी उपचार घेतले होते किंवा रुग्णालयात भरती झाली होती, एवढ्यावरून आज किंवा पुढे ती व्यक्ती मानसिक आजारी ठरवता येणार नाही. ती गोष्ट विचारात घेता येते, पण एकटी पुरेशी नाही. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे व्यक्ती विकल मनाची ठरली असे नव्हे. तसे ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. करार करण्यापासून पद धारण करण्यापर्यंत अनेक कायद्यांत विकल मनाची अट असते, म्हणून ही तरतूद फार मोलाची आहे. कामाच्या ठिकाणी रूढ असलेल्या मूल्यांशी एखाद्याचे पटत नाही म्हणून त्याला मानसिक आजारी ठरवण्यासही हे कलम मनाई करते. वरिष्ठांशी वाद घालणाऱ्या निवासी डॉक्टरवर ‘याचे डोके ठिकाणावर नाही’ असा शेरा मारणाऱ्यांनी ते वाचून ठेवावे.

आजार असणे आणि कामाला अपात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद या सगळ्या कायद्याच्या मुळाशी आहे. मधुमेह असलेला शल्यचिकित्सक शस्त्रक्रिया करतो. त्याची रक्तातील साखर एकाएकी उतरली तर तेवढ्यापुरता तो थांबतो. नैराश्यावर औषध घेणाऱ्या भूलतज्ज्ञालाही हाच न्याय लागला पाहिजे. अधिनियमाच्या कलम २१ ने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवण्याचे बंधन घातले आहे ते याच विचाराने. वैद्यक परिषदेच्या नोंदणीविषयीची भीतीही इथेच तपासता येते. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाची २००२ ची नियमावली गैरवर्तनासाठी शिक्षा सांगते, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हे तिच्या गैरवर्तनाच्या यादीत कुठेही नाही. उलट त्याच नियमावलीने रुग्णाचे गुपित फोडणे हे गैरवर्तन मानले आहे. डॉक्टरच्या आजाराची चर्चा कँटीनमध्ये करणारा त्याचा उपचारकर्ता परिषदेपुढे उभा राहू शकतो. उपचार घेणारा नाही.

गोपनीयतेचे कलम, म्हणजे कलम २३, इथे थोडे थांबून वाचायला हवे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या मानसिक आरोग्याची, उपचारांची आणि शारीरिक उपचारांचीही माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. उपचार करणाऱ्या प्रत्येक आरोग्य व्यावसायिकावर ती गुप्त ठेवण्याचे कर्तव्य आहे. अपवाद मोजके आहेत. रुग्णाने नेमलेल्या नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याचे काम करता येईल एवढी माहिती देता येते, उपचारात सहभागी असलेल्या इतर व्यावसायिकांना देता येते. दुसऱ्या कोणाला इजा होण्यापासून वाचवण्यासाठी किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर देता येते, पण धोका टाळण्यापुरतीच. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय अथवा तसा अधिकार असलेल्या वैधानिक संस्थेच्या आदेशाने देता येते, आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी देता येते. या यादीत नोकरी देणारा नाही. अधिष्ठाता नाही, विभागप्रमुख नाही, मेट्रन नाही, वसतिगृहाचा रेक्टर नाही. ‘आमच्याच मुलाची काळजी आहे म्हणून विचारतो’ असे कोणी म्हटले, तरी उपचारकर्त्याने उत्तर देणे कायद्यात बसत नाही. कलम २४ प्रसारमाध्यमांना संमतीविना छायाचित्र किंवा माहिती देण्यास बंदी घालते. अधिनियमाच्या भंगासाठी पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुन्हा केल्यास ती वाढते.

प्रत्यक्षात अडचण कलमाच्या शब्दांत नसून रुग्णालयाच्या रचनेत आहे. वैद्यकीय महाविद्यालयातला निवासी डॉक्टर आजारी पडला तर त्याच्यासाठी सर्वांत जवळची ओपीडी त्याच्याच महाविद्यालयाची. तिथल्या मानसोपचार विभागात त्याचा बॅचमेट बसलेला असतो, केसपेपर काढणारा कारकून त्याला ओळखतो, औषधे देणाऱ्या खिडकीवर त्याच्याच सहीच्या चिठ्ठ्या रोज येतात. वैद्यकीय अधीक्षक हा नोंदींचा ताबेदारही असतो आणि कर्मचाऱ्यांचा वरिष्ठही. कुठली माहिती तो कोणत्या नात्याने पाहतो आहे, हे वेगळे काढणे कठीण होते. कलम २३ चे कर्तव्य उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर आहे. कारकून, वॉर्डबॉय आणि संगणकावर नोंदी करणारे कंत्राटी कर्मचारी यांना रुग्णालयाने स्वतःच्या शिस्तीने बांधून घ्यावे लागते. रजेच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर आजाराचे नाव लिहिण्याची पद्धतही अशीच घात करते. लहान शहरात तर वेगळी अडचण. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुण्यातले येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. त्यांच्या फाटकातून आत जाताना ओळखीचे कोणी भेटणार नाही याची खात्री जिल्ह्यातल्या डॉक्टरला कोण देणार? केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. तातडीच्या घटकेला तिचा उपयोग होतो. दीर्घ उपचारांसाठी मात्र आपल्या संस्थेबाहेरचा, शक्य तर आपल्या गावाबाहेरचा तज्ज्ञ गाठणे हाच सध्या व्यवहार्य मार्ग आहे.

भरती करून ठेवतील, ही आणखी एक भीती. स्वतःहून भरती झालेल्या व्यक्तीला अधिनियम स्वतंत्र रुग्ण मानतो. तिच्या संमतीशिवाय उपचार देता येत नाहीत आणि तिने मागितल्यावर घरी सोडावे लागते. जिवाला किंवा इतरांना धोका वाटला तर तपासणीसाठी चोवीस तास थांबवून घेता येते. पुढे कधी निर्णय घेण्याची क्षमता राहिली नाही तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याची सोय कलम ५ मध्ये आहे. प्रतिनिधी कोण असावा हे कलम १४ प्रमाणे स्वतः ठरवता येते. आरोग्यसेवेतल्या माणसासाठी या दोन तरतुदी फार उपयोगाच्या आहेत, कारण आपल्या उपचारांच्या बाबतीत सहकाऱ्यांना किती आत येऊ द्यायचे, हे ती व्यक्ती शांत मनाने आधीच ठरवू शकते.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर गुन्हा दाखल होईल ही समजूत जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ मुळे रुजली. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ ने ती मुळातच पोकळ केली: असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे, तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य मानायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो सर्वसाधारण गुन्हाच ठेवलेला नाही. लोकसेवकाला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ खाली गुन्हा आहे. रुग्णालयात एमएलसी म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येतात, आणि तेवढ्याने घरचे घाबरतात. त्या नोंदीचा अर्थ खटला असा होत नाही, हे कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. ते त्याच्या रुग्णांसाठीही लागते आणि कधी त्याच्या स्वतःसाठीही.

नोकरीचा प्रश्न दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कक्षेत येतो. त्याच्या अनुसूचीत मानसिक आजाराचा समावेश आहे. कलम २० प्रमाणे शासकीय आस्थापनेने नोकरीत भेदभाव करायचा नाही, वाजवी सोयी द्यायच्या आणि केवळ दिव्यांगत्वामुळे बढती नाकारायची नाही. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही, त्याचा हुद्दा खाली आणता येत नाही. सध्याचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यायचे, तसे पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. शासकीय आस्थापनेत महापालिका आणि जिल्हा परिषदाही येतात. त्यामुळे मुंबईतल्या महापालिका रुग्णालयांपासून प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत मोठा वर्ग या कलमाच्या आधाराला येतो.

या कलमाला खरा अर्थ दिला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १७ डिसेंबर २०२१ च्या निकालाने. प्रकरण केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याचे होते. त्याला मंत्रचळाचा विकार (ओसीडी) आणि नैराश्य होते, सरकारी रुग्णालयात उपचार चालू होते, आणि त्याच्या वागण्यावरून विभागीय चौकशी सुरू झाली होती. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितले की ज्या वागण्यासाठी कारवाई होते आहे त्याच्या कारणांपैकी मानसिक दिव्यांगत्व हे एक कारण असले तरी भेदभाव सिद्ध व्हायला पुरे. ते एकमेव कारण असण्याची गरज नाही. त्याला दुसरे काम देताना वेतन आणि सेवाशर्ती राखायच्या, आणि शस्त्रे किंवा धोकादायक साधने त्याच्या हाती येणार नाहीत याची दक्षता प्रशासन घेऊ शकेल, असेही न्यायालयाने म्हटले. निकाल पोलिसाचा असला तरी रुग्णालयाला तो जसाच्या तसा लावून पाहता येतो. उशिरा येणे, राउंडला गैरहजेरी, चिडचिड, अपुऱ्या नोंदी अशा तक्रारींवर कारणे दाखवा नोटीस काढण्याआधी त्यामागे आजार आहे का, हे पाहण्याची जबाबदारी प्रशासनावर येते. रुग्णांची सुरक्षितता जपण्यासाठी काही काळ शस्त्रक्रियागृहापासून किंवा रात्रपाळीपासून दूर ठेवणे हेही कायद्यात बसते. नशेत किंवा तीव्र आजाराच्या भरात काम करत राहण्याचा हक्क मात्र कोणताच कायदा देत नाही, आणि देऊही नये.

या अधिनियमाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. त्याला दीर्घकाळ टिकणारी बाधा लागते; चार महिन्यांत बरे होणारे नैराश्य बहुधा त्यात बसत नाही. हुद्दा आणि नोकरी टिकवणारे कलम फक्त शासकीय आस्थापनांना बांधते. खासगी रुग्णालयावर समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन आहे आणि भेदभावाची सर्वसाधारण मनाई आहे, पण अकरा महिन्यांच्या करारावरच्या परिचारिकेचा करार पुढे वाढवलाच नाही तर ती काय सिद्ध करणार? आशा सेविकांची गोष्ट याहून बिकट. त्या कर्मचारी नव्हे तर स्वयंसेविका मानल्या जातात, मोबदला कामागणिक मिळतो, आणि सेवेतल्या माणसाला मिळणारे बहुतेक संरक्षण त्यांच्यापाशी येऊन थांबते. कोविडच्या काळात घरोघर फिरलेल्या या बायकांच्या मनावर काय गुदरले, याची कायद्याने अजून दखल घेतलेली नाही.

निवासी डॉक्टर अर्धा विद्यार्थी आणि अर्धा कर्मचारी असतो. १९९२ च्या केंद्रीय योजनेत त्याच्या कामाचे तास आठवड्याला ४८ सांगितले होते. वॉर्डात काम केलेल्या कोणालाही तो आकडा वाचून आश्चर्य वाटेल. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३ च्या नियमावलीत ‘वाजवी’ तास, विश्रांती, साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० दिवस रजा आहे, पण वाजवी म्हणजे किती हे नाही, आणि सुट्टीही कामाच्या निकडीवर अवलंबून. २०२४ च्या कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. ही शिफारस आहे, नियम नव्हे. अर्ध्यात शिक्षण सोडणाऱ्याकडून लाखो रुपये वसूल करणारा बाँड हा आजारी विद्यार्थ्याला कोंडून ठेवतो, हे ओळखून आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना तो बंद करण्याचा आग्रह केला. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून सर्व शिक्षणसंस्थांना बंधनकारक मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असणे त्यात येते, आणि वैद्यकीय महाविद्यालये त्यातून सुटत नाहीत. रॅगिंग, लैंगिक छळ आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडून होणारी मारहाण यांसाठीचे कायदे वेगळे आहेत. ते त्रासाच्या कारणावर चालतात, उपचारांच्या हक्कावर नाही, म्हणून त्यांचा इथे उल्लेख पुरेसा आहे.

विम्याचे थोडक्यात सांगता येते. मानसिक आरोग्य अधिनियमाच्या कलम २१ ने मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देण्याचे बंधन घातले, आणि विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये कंपन्यांना त्याची आठवण करून दिली.

महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्या डॉक्टरांना वेगळेच कायदे लागतात, आणि तिथले अनुभव इथल्या धोरणालाही शिकवून जातात. अमेरिकेत परवाना राज्याचे मंडळ देते आणि अनेक मंडळांच्या अर्जात ‘कधी मानसिक उपचार घेतले होते का’ असा प्रश्न असे. १९९० च्या दिव्यांग हक्क कायद्याशी हा प्रश्न विसंगत असल्याची टीका वर्षानुवर्षे होत होती. राज्य मंडळांच्या महासंघाने २०१८ मध्ये शिफारस केली की विचारायचेच असेल तर आज कामात बाधा आणणारी स्थिती आहे का, एवढेच विचारावे. न्यूयॉर्कमधील आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये आत्महत्या केली आणि त्यांच्या नावाचा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला. तो कायदा प्रशिक्षण, जागृती आणि सेवांसाठी निधी देतो. अर्जातले प्रश्न त्याने बदलले नाहीत, ते काम राज्याराज्यांत स्वतंत्रपणे चालू राहिले. ब्रिटनमध्ये वैद्यक परिषदेनेच २०१४ मध्ये जाहीर केले की २००५ ते २०१३ या काळात चौकशी चालू असताना मरण पावलेल्या ११४ डॉक्टरांपैकी २८ मृत्यू आत्महत्येचे किंवा तशा संशयाचे होते. लंडनमध्ये २००८ पासून सुरू झालेल्या डॉक्टरांसाठीच्या गोपनीय सेवेचे महत्त्व या आकड्यांपुढे कळते. ऑस्ट्रेलियात उपचार करणाऱ्या डॉक्टरवरच आपल्या डॉक्टर रुग्णाची माहिती नियामकाला कळवण्याचे बंधन होते. त्यामुळे डॉक्टर उपचारांना येत नाहीत असे दिसल्यावर २०२० मध्ये ते बरेच सैल करण्यात आले. पश्चिम ऑस्ट्रेलियात उपचारकर्त्यांना त्यातून आधीच सूट होती. भारतातल्या मानसिक आरोग्य अधिनियमात असे कळवण्याचे बंधन मुळातच नाही, ही जमेची बाजू. केवळ डॉक्टर आणि परिचारिकांसाठी, त्यांच्या संस्थेबाहेर चालणारी, कायद्याने गोपनीयता दिलेली सेवा मात्र नाही.

हक्क डावलला गेला तर तक्रारीची पायरी ठरलेली आहे. उपचारांतल्या उणिवेची किंवा गुपित फुटल्याची तक्रार आधी त्या आस्थापनेच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि त्यानंतर राज्य प्राधिकरणाकडे करता येते. नोकरीतल्या भेदभावासाठी शासकीय आस्थापनेचा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. उपचारकर्त्याच्या वर्तनाची तक्रार राज्य वैद्यक परिषदेकडे जाते. आपल्या उपचारांच्या नोंदींची प्रत मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्य अधिनियमाच्या कलम २५ ने दिला आहे, आणि यातल्या कुठल्याही पायरीवर उभे राहायचे तर ती प्रत आधी हाताशी लागते.